डेपो रद्द झाला तो दिवस

पनवेलच्या सरकारी दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे दोघीजणी उभ्या होत्या. एक गावातल्या जमीनवाल्या कमळाबाई, दुसरी डोंगराकडच्या वाडीवरची दिपा. ती पूर्वी कमळाबाईंच्या शेतावर कामाला जायची.

"सरकार आयकतं गो दिपा. आमच्या गावाशेजारी कचऱ्याचा डेपो येनार होता. सगला गाव रस्त्यावर बसला, टीव्हीवाले आले, आन सरकारनं डेपो रद्द केला."

"रद्द नाय केला, बाय. आमच्या वाडीमागं आनला."

"काय सांगतंस! मग तुमी गप कशाला बसलात?"

"गप नाय बसलो. आमी पन मोर्चा काढला. पोरांना कडेवर घेऊन सगली तहसीलला चालत गेलो."

"कदी? मना कसा समजला नाय?"

"तुमच्या गावातनंच गेलो. तुमी देवलापाशी पेढे वाटत होतात, डेपो रद्द झाला म्हनून. आमाला पन दिलेत."

रांग थोडी पुढे सरकली. कमळाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"ती तुमी होतात? मना वाटला, वीटभट्टीवर कामाला चाललात."