चित्रातलं वासरू

संग्रहालयाच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारी आणि तिची लेक. समोर खेड्यातल्या संध्याकाळचं मोठं चित्र. पहारेकरी दालन बंद करायला आलेला.

“आई, चल ना आता.”

“अगं, गाईची कास तटतटलीय, नि वासरू बांधलंय लांब. कुणीतरी सोडा त्याला.”

“चित्र आहे ते. दीडशे वर्षांपूर्वीचं.”

“अगं बाई! म्हणजे तेव्हापासून उपाशी आहे ते?”

“पहारेकरीदादा, काय सांगू हिला? जन्मभर गाईंचंच केलंय हिनं.”

“आजी, दार लावलं की मी सोडतो त्याला. रोजच सोडतो.”

“आणि धार?”

“तीही काढतो की.”

“सगळी काढू नकोस रे बाबा. एक सड वासराला ठेव.”

“ठेवतो, आजी.”

“चल गं पोरी, ऊठ. तूही सकाळपासून काही खाल्लं नाहीस.”