घंटेवरचा हात

(क्रोएशियातल्या झागोर्ये भागात, द्राक्षमळ्यांच्या टेकडीवरचं लहानसं चर्च. जुलैची दुपार. घंटाघराच्या दाराला आतून कडी. आत गावाची घंटा वाजवणारी म्हातारी रोझिका, बाहेर शेजारचा इम्ब्रो.)

इम्ब्रो : वहिनी, कडी काढा म्हणतो ना! लाथ घालून दार मोडायला लावू नका मला.

रोझिका : घाला की. तुमच्याच बापाने बसवलेलं दार आहे. पाय मोडेल, दार नाही मोडायचं.

इम्ब्रो : अहो, ढग आला!

रोझिका : कुठवर आलाय?

इम्ब्रो : गिरणीच्या मागे. तिथून सरळ आपल्याकडेच तोंड आहे त्याचं.

रोझिका : रंग कसा आहे?

इम्ब्रो : वरून काळा, खालून हिरवट. आणि पोटात काहीतरी पांढरं घुसळतंय.

रोझिका : म्हणजे गाराच.

इम्ब्रो : गाराच! मग बसलाय काय अशा? ओढा ना दोर! एकदा का तो गिरणी ओलांडून आला, की घंटा बडवूनही ढग वळत नाही. हे तुम्हीच शिकवलंत सगळ्या गावाला.

रोझिका : मी नाही ओढणार, इम्ब्रोभावजी. आणि दुसऱ्या कुणाला ओढूही देणार नाही. म्हणून तर कडी लावून बसलेय.

इम्ब्रो : डोकं फिरलंय का तुमचं? आधी मेमधल्या थंड संतांच्या सणांनी हिम पाडून अर्धे कोंब जाळले. मागून त्या रडक्या संत सोफियाचा दिवस आला, त्याच्या पावसाने उरलेले भिजवून कुजवले. जूनभर पाण्याचा टिपूस नाही. त्यातून जेवढे घोस वाचले तेवढेच माझे. ते गेले की मी काय दगड पिळू?

रोझिका : ठाऊक आहे मला. माझाही मळा तुमच्याला लागूनच आहे.

इम्ब्रो : मग?

रोझिका : परवा चौकात तुम्हीच सांगत होता ना, टीव्हीवरचा हवामानवाला म्हणाला, घंटेचा आणि ढगाचा काडीचा संबंध नाही म्हणून? केवढे हसलात! मग आज कशाला धापा टाकत टेकडी चढलात?

इम्ब्रो : टीव्हीवाल्याचा मळा नाही इथे.

रोझिका : हं.

इम्ब्रो : टोमणे मारायची वेळ आहे का ही? चाळीस वर्षं या गावाने दर सुगीला घरटी एक घडा वाइन तुमच्या दारात आणून ठेवलीय. कशासाठी? तुमचं तोंड बघून?

रोझिका : नाही. वाजवण्यासाठी.

इम्ब्रो : मग वाजवा! खाल्ल्या मिठाला जागा!

रोझिका : मी वाजवली की ढग कुठे जातो, भावजी?

इम्ब्रो : जातो तिकडे पलीकडे. आपल्याला काय करायचंय?

रोझिका : पलीकडे म्हणजे कुठे? नाव घ्या ना.

इम्ब्रो : वहिनी, जुनं उकरून काढू नका.

रोझिका : यासेनोला जातो. कड्यापलीकडे. माझ्या लेकीच्या, बारित्साच्या अंगणात. तुम्ही तिचे धर्मबाप, बाप्तिस्म्याला फादरांसमोर तिला हातात धरून उभे राहिला होतात, आणि तिच्या गावाचं नाव घ्यायला जीभ रेटत नाही तुमची?

इम्ब्रो : त्या वेळी कुणाला ठाऊक होतं, की...

रोझिका : मला होतं. तीन वर्षांपूर्वी असाच ढग आला, तुम्ही सगळे खालून ओरडत होतात आणि मी ओढत होते, हाताची सालं निघेपर्यंत. वळला ढग. गावाने मला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं. आणि तिकडे माझ्या जावयाने, तोमोने, हाताने लावलेली कोवळी वेल न् वेल झोपली. पोरगा आयर्लंडला गेला, मांसाच्या कारखान्यात. नाताळला येतो तेव्हा लेकरं त्याला पाहुण्यासारखी बघतात.

इम्ब्रो : हवामानाचं काय कुणाच्या हातात असतं?

रोझिका : बारित्सा दुसऱ्या दिवशी इथवर चालत आली. तुम्ही उभे आहात ना, तिथेच उभी राहिली. म्हणाली, ‘आई, घंटेवरचा हात ओळखला मी. तुझाच होता.’ बस. तेवढंच बोलली. त्यानंतर ना फोन, ना सणाला चेहरा. मी पाठवलेला केक बसड्रायव्हरच्या हाती परत आला.

इम्ब्रो : मलाही बोलत नाही ती. बाजारात दिसली तर रस्ता बदलते. मला वाईट वाटत नाही असं समजू नका... अगं आई गं! टपकन् बसली डोक्यात!

रोझिका : काय झालं?

इम्ब्रो : गार! अक्रोडाएवढी! उघडा दार, मरेन मी इथे!

रोझिका : थांबा, थांबा. या आत. असे बघताय काय? डोकं पुसा, रक्त येतंय.

इम्ब्रो : असू दे रक्त. सरका बाजूला.

रोझिका : भावजी, दोराला हात लावू नका.

इम्ब्रो : सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा! अजून गिरणीच्या अलीकडे आला नाही पुरता. या सुट्या गारा आहेत. दोन मिनिटं आहेत अजून. तुम्हाला जमत नसेल तर माझ्या हाताने होऊ दे, पाप माझ्या माथी! सरका!

रोझिका : थांबा.

इम्ब्रो : आता नाही थांबत...

रोझिका : अहो, थांबा! ऐका जरा.

इम्ब्रो : काय ऐकू? वारा आहे.

रोझिका : वारा नाही. घंटा आहे.

इम्ब्रो : ...यासेनोची? त्यांचा म्हातारा घंटावाला हिवाळ्यातच गेला ना? मग वाजवतंय कोण?

रोझिका : मोजा. तीन टोले. आता थांबेल बघा. थांबली. पुन्हा तीन.

इम्ब्रो : मधे का थांबतेय?

रोझिका : तळहातावर फुंकर घालतेय. सात वर्षांची होती, तेव्हा याच दोराला लोंबकळत शिकली. हात पोळायचे, मग फू फू करायची. मी किती रागवायचे, मधे थांबलं की ढग हसतो म्हणून. गेली नाही सवय.

इम्ब्रो : बारित्सा? बारित्सा ढग आपल्यावर ढकलतेय? सख्ख्या आईच्या मळ्यावर?

रोझिका : तिच्या सख्ख्या आईने तिच्या मळ्यावर ढकलला होता.

इम्ब्रो : अहो, मग आपण वाजवायलाच हवं! वहिनी, ऐकताय ना? पत्र्यावर आवाज वाढला. माझी वेल... वहिनी, रडताय तुम्ही?

रोझिका : हो, रडतेय. तुमच्या वेलींसाठीही रडेन, भावजी, उद्या तुमच्याबरोबर मळ्यात उभी राहून. यापुढे कुणाच्या दारचा घडा घेणार नाही, घंटाघराची ही किल्लीही तुम्हीच ठेवा. पण आज तो दोर सोडा.

इम्ब्रो : का म्हणून सोडू?

रोझिका : तीन वर्षांनी लेक माझ्याशी बोलतेय. मधे बोलू नका.