अमावस्येचा लाल खाना

"हॅलो?… हॅलो!… व्हय बाई, वेल्हंच हाय. म्याच रतनबाई, सर्जेराव ठेकेदारांच्या घरची. …जोडा, जोडा."

पुण्याहून नवऱ्याचा ट्रंककॉल येणार, असा पोस्टमास्तर आनंदरावांचा निरोप आला तशी रतनबाई कामावरून उठून तडक पोस्टात आली होती. वैशाखाचं ऊन डोक्यावर घेऊन, पायाला वाळकं सिमेंट तसंच.

"अहो, व्हय, म्याच! …मोठ्यानं बोला, खरखर लई येतीया. …समदी बरी हायत. तुमी येळेवर जेवताय न्हवं? …बरं. …काय? माजं पत्र? समद्या वर्गाम्होरं वाचलं? …अगं बाई! …मंग शिकवनारे सायब काय म्हनाले? …व्हय का? …लई चांगलं झालं."

चांगलं झालं म्हणताना ती खिडकीबाहेर बघत होती.

सर्जेराव महिनाभरासाठी पुण्याला ठेकेदारांच्या वर्गाला गेला होता. कामाची आखणी कशी करावी, कुठल्या दिवशी काय उरकावं, ते तिथं फळ्यावर शिकवत. शिकता शिकता त्यानं आपल्याच हातातल्या कामाचा, गावच्या भैरोबाच्या सभामंडपाचा, लांबलचक तक्ता आखून घरी धाडला. दिवसाला एक खाना. त्या दिवसाचं काम उरकलं की खाना लाल पेन्सिलीनं रंगवायचा आणि आठवड्याला पत्र टाकून कळवायचं. चौथी शिकलेल्या रतनबाईनं तो तक्ता देवळाच्या भिंतीला लावला होता.

"…तुमचं कार्ड? पोचलं की. आनंदरावांनी वाचून दावलं गेनबाला. 'चवदा दिस भरले, टेकू काढा'. …व्हय, सकाळधरनं लागलाय. …म्या निगाले तवा टेकूंच्या पयल्या वळीला घन मारत व्हते."

स्लॅब घातल्यापासून पक्का होईपर्यंत चौदा दिवस त्याला खालून टेकू लागत. पोस्टाच्या खिडकीतून ओढ्यापलीकडचं देऊळ दिसत होतं. मुकादम गेनबाची माणसं मंडपाच्या कडेला वाकलेली. घन दिसायचा आधी आणि त्याचा आवाज यायचा मागून.

"…उद्या? …तुमी उद्याच येताय? …समदा वर्ग? तीस मानसं? …आन् सायब बी? …कीर्तनाला बसनार म्हनता?"

उद्या पौर्णिमा. सप्ताहाची समाप्ती, काल्याचं कीर्तन, तेही नव्या स्लॅबखाली. रतनबाईचा जीव कीर्तनात. बुवांनी पहिला अभंग लावला की तिला घरदार आठवत नसे. आणि रंगात येऊन बुवा एक पाऊल पुढं सरकले की हिचे डोळे भरून यायचे. सात दिवस देवळाबाहेरच्या उन्हात बसून तिनं ऐकलं होतं, आठव्या दिवशी सावलीत बसायचं म्हणून. पण सकाळी पहिला घन पडला आणि तिला सावली नको झाली.

"…हाय, हाय म्या. …गप न्हाई बसले. …अहो, ऐका ना. एक इचारायचं व्हतं. …न्हाई वो, कुनी आजारी न्हाई. …तुमी तक्ता आखला, तवा पंचांग बगितलं व्हतं का?"

"…हसू नगा. …स्लॅबचा खाना कंच्या दिशी आला, ठाव हाय? …अमावस्येला. …व्हय, अमावस्येला! कोन घालतंय वो देवळाचा स्लॅब अमावस्येला? एक मानूस कामावर आला न्हाई. गेनबा सोता घरी बसला."

"…दुसऱ्या दिशी घालनारच व्हतो. पर मिक्सर गेला भोरला, दुसऱ्याच्या कामावर. …कदी आला? …पंचमीला. …व्हय, स्लॅब बी पंचमीलाच घातला."

"…मला ठाव हाय म्या काय ल्हिवलं व्हतं, अमावस्येलाच घातला म्हनून."

"…न्हाई, पत्र दुसऱ्या कुनी न्हाई ल्हिवलं. म्याच. …खाना बी म्याच रंगवला, अमावस्येचा. …कारन तुमीच ल्हिवलं व्हतं, एक बी खाना कोरा ऱ्हायला तर वर्गात मान खाली जाईल म्हनून! …वाटलं, पाच दिस म्होरं कुठंतरी भरून निगतील. …व्हय. …व्हय, खोटंच की. दुसरं काय म्हनायचं त्येला?"

 खरखरीतून पुण्याकडं बशीत कप आपटल्याचा आवाज आला.

"…नऊ. चवदा न्हाई, नऊच दिस झालेत. …गेनबाला ठाव न्हाई कसं? त्येच्याच हातनं घातलाय. …तोच म्हनला, मालक पुन्याला नवी इद्या शिकत्यात, नऊ दिसांत टेकू काढायची बी तऱ्हा आसंल. …म्या म्हनले की, जरा दम धर. तर म्हनला, मालकीनबाई, कागुद मालकाचा हाय, तुमच्या तोंडी सांगन्यावर काम थांबवू व्हय?"

"…न्हाई सांगितलं. …लाज वाटली. भिंतीवर देवाम्होरं लावलाय तक्ता, त्येच्यात खोटं रंगवलंय, हे कुन्या तोंडानं सांगू?"

"…आँ? …तीन मिंटं झाली? वाडवा बाई, वाडवा! …अहो, तुमी सांगा तिला वाडवाय! …हॅलो?… हाय का?… हां. …शिव्या मागनं द्या, घरी आल्यावर द्या. आदी सांगा, पडंल का? …शिकलाय न्हवं? मंग सांगा. …'पडंलच असं न्हाई'? …अहो, उद्या दोनशे बायामानसं खाली बसनार, त्यास्नी काय सांगू? पडंलच असं न्हाई, म्हना इठ्ठल इठ्ठल?"

आनंदरावांचा शिक्का हवेतच थांबला. खिडकीबाहेर पुन्हा घन वर गेला.

"…त्येला फोनवर कसा आनू? ओढा वलांडून त्यो येईस्तवर दुसरी वळ निगंल. …म्याच जाऊन सांगू? काय सांगू? …'सायबाचा नवा हुकूम आलाय'? …आन् उद्या वर्गाला? …'टेकू मुद्दाम ठेवले, बगायला म्हनून'? …न्हाई."

"…न्हाई म्हनले. …त्या एका खोट्यावर चवदा दिस उभं ऱ्हायलेत. …नऊ! बगा, मलाच आता खरं आकडं बोलाय जीभ वळंना."

"…तुमचं नाव जाईल, हे मला कळत न्हाई व्हय? वर्गात तुमचं नाव झालं तवा हितं म्याच साखर वाटली. …सायब शेजारीच उभे हायत? …मंग त्यास्नीच सांगा. आत्ता सांगा. बायकूनं खोटं रंगवलं म्हना, पाच दिसांची चूक हाय म्हना. माज्यावर घाला समदं. …अहो, सांगा की! …बोलत का न्हाई?"

तिनं वाट पाहिली. नवरा काही वाईट माणूस नव्हता. बुवांच्या पायावर डोकं ठेवायला तो सगळ्यांच्या आधी उठायचा, हे तिनं पाहिलं होतं. पण त्यानं शेजारच्या सायबांना हाक मारली नाही, आणि ओढ्यापलीकडं एक टेकू आडवा पडला. त्याचा आवाज पोस्टापर्यंत आला.

"…पडला. …न्हाई, स्लॅब न्हाई, टेकू. अजून एक. …ऐकलं न्हाई तुमी? मला ऐकू आलं. …न्हाई, आता इचार करायला येळ न्हाई. तुमी तितं सांगा, नायतर नगा सांगू, ते तुमच्यापाशी. म्या गेनबाला सांगते, अमावस्येचा खाना म्या खोटा रंगवला. …गाव ऐकंल. ऐकू दे. देवानं तर कवाच बगितलंय."

"…त्यानं न्हाई ऐकलं तर? …तर मंडपाखाली मदोमद जाऊन बसते. …न्हाई, हटायची न्हाई. …ओरडू नगा. …कागुद मालकाचा, तर खाली बसलेली बाई बी मालकाचीच, म्हनावं. आता मार घन. …कळतंय मला, डोक्यावर काय हाय ते. म्हनून तर बसते. …ठेवते म्या."

तिनं फोन ठेवला, तेव्हा पुण्याकडचं बोलणं चालूच होतं.