पुसू नये

हॅलो? … हॅलो, कोण? … अगं, मुंगी! … हो, बाईच बोलतेय. दुसरं कोण उचलणार? फोन वाजला की तुझे सर वर्तमानपत्र आणखी वर धरतात.

अहो, मुंगीचा फोन! … मुंगी, मुंगी! शाळेतली! … कानाचं मशीन लावा आधी… अगं, तुला नाही, सरांना म्हणतेय. मशीन टेबलावर ठेवायचं आणि वर म्हणायचं, हल्ली लोक फार हळू बोलतात.

बोल, बोल. कसा चाललाय पहिला दिवस? सकाळपासून आमचा जीव तिकडेच लागलाय. सर तर उजाडायच्या आधीच दाढी करून तयार, जसा काही यांचाच तास आहे… मुंगी? … हॅलो?

आवाज का येत नाही तुझा? … आणि शाळेच्या वेळेत फोन कसा केलास? … मधली सुट्टी. बरं. मग डबा खायचा सोडून… मुंगी, रडतेस का तू?

… नाही कसं? नाक ओढलेलं ऐकू येतंय मला. चाळीस पोरांच्या गलक्यात कोण नाक ओढतंय ते कळायचं, तुझं एकटीचं नाही कळणार?

कुठे आहेस आत्ता? … कुठल्या खोलीत? … नकाशांच्या? … एकटीच? … आणि आतून कडी लावून? अगं, कडी काढ आधी… बरं, राहू दे. खाली बस तरी कुठे. … स्टूल नाही? मग पालथ्या खोक्यावर बस. गुंडाळलेल्या नकाशांवर नको हं बसूस, मोडतात ते.

थांब, दुधाखालचा गॅस बारीक करते. … हं. बोल आता.

… हो… हो… हं…

सोडणार? काय सोडणार? … नोकरी? … अगं, आज सकाळीच तर धरलीस! खुर्चीसुद्धा गरम झाली नसेल अजून.

… मोठ्या बाईंना सांगून टाकणार. … आत्ता? सुट्टी संपायच्या आत? … आणि मग? … मामाच्या औषधाच्या दुकानात. … हो, बसता येईल की, कोण नाही म्हणतंय… नाही, हसत नाहीये मी. … रागावलेही नाहीये. … हो, हो… अगं ऐक ना… मुंगी, ऐक… झालं काय, ते सांगशील का? की नुसतीच नोकरी सोडणार?

पहिल्यापासून सांग. घाई नको.

… पाचवीचा वर्ग… गणित… मुलं कशी आहेत? … चुळबुळी? असायचीच. गप्प बसली तर डॉक्टरला बोलवायचं. … भागाकार… हो… कितीचा? … सहाशे बारा भागिले सहा. … अहो, सहाशे बारा भागिले सहा विचारलं होतं तिनं! … एकशे दोन, हो. येतं तुम्हाला, माहीत आहे मला!

… मग एक मुलगी आली फळ्यापाशी. … स्वतःहून? … तू बोलावलंस. बरं. … एक लिहिला, आणि मग एकाला सहाचा भाग जाईना. … मधल्या शून्यापाशी अडली. सगळे तिथेच अडतात गं. तू नव्हतीस अडली? … मग घोडं कुठे पेंड खातंय?

… मुलं हसायला लागली… हं… मागून कोणी ओरडलं… हं… आणि नेमक्या तेव्हाच मोठ्या बाई दारावरून गेल्या… आणि तू?

… सांग की.

… खडू काढून घेतलास तिच्या हातातून.

… हं.

… आणि उत्तर तूच लिहून टाकलंस. … आणि ती? … बाकावर डोकं ठेवून बसली. … सुट्टी झाली तरी वर केलं नाही? … डबाही नाही उघडला. … बरं.

नाही, काही म्हणत नाहीये मी. ऐकतेय.

… कोण, सर? … नाही, ते नसते असं वागले. … ते खरंय गं, पण सर काय जन्मतःच तसे होते का? पहिल्या दिवशी त्यांचंही काहीतरी चुकलं असेल की… अहो, तुमच्या पहिल्या दिवशी काय झालं होतं? … पहिल्या दिवशी! नोकरीच्या! … म्हणतायत, चुकून दुसऱ्याच वर्गात जाऊन अर्धा तास शिकवलं. … हो! आणि त्या मुलांनीही सांगितलं नाही, छान चाललंय म्हणाली.

… तू गणितात अडलीस, तो दिवस? आठवतंय ना. न आठवायला काय झालं? मी दारातच उभी होते. पुढचा तास माझा, आणि सर वर्ग सोडायचं नाव घेईनात. तू फळ्याला नाक लावून उभी, सर भिंतीला टेकून उभे. ना बोलणं ना चालणं. मला वाटलं, दोघांचं भांडण झालंय! … हो, घंटा झाली तरी तुझ्या हातात खडू तसाच. … 'उद्या इथूनच पुढे.' हेच म्हणाले. आणि तुझ्या अर्ध्या गणिताभोवती चौकट आखून शेजारी लिहून गेले, 'पुसू नये.' अख्ख्या फळ्यावर मला जागा उरली वीतभर. त्या वीतभर जागेत मी कविता लिहिली, माहीत आहे? तेव्हा मनातल्या मनात सरांना काय काय बोलले, ते तुला नाही सांगत.

… दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच येऊन सोडवलंस, हो. शिपाई सांगत आला होता, एक मुलगी फळ्यापाशी उभी आहे आणि एकटीच हसतेय.

… काय? … तेव्हाच? … अगं, हे कधी बोलली नाहीस तू! … अहो! … नंतर नाही, आत्ताच ऐका. मुंगी म्हणते, त्या दिवशी ठरवलं तिनं, शिक्षिका व्हायचं. … त्या फळ्यामुळे. तुमच्या!

… 

… आता चष्मा कशाला पुसताय? … काही नाही गं, सरांच्या डोळ्यांत काहीतरी गेलं. बातमी गेली असेल एखादी.

आणि माझं काय? माझा काहीच हातभार नाही वाटतं? … हं! मोडलेला का होईना, हातभार तो हातभार. मनगट प्लास्टरमध्ये, म्हणून रोज फळ्यावर तुला लिहायला लावायचे मी. आणि काय ते अक्षर! मुंग्या चालल्यात जशा. मागचा बाक बोंबलायचा, दिसत नाही, दिसत नाही… हो! 'मोठं काढ, मागच्या बाकापर्यंत पोचलं पाहिजे!' घसा बसायचा माझा. … पण पोचलं ना शेवटी?

… काय हो? … ते कशाला सांगायचं आता? … नाही सांगायचं म्हणते ना! … काही नाही गं, सरांचं आपलं काहीतरी… अगं, ते म्हणतायत, प्लास्टर कधीच निघालं होतं.

… हो.

… मी आपली गळ्यात फडकं अडकवून यायचे. … सहामाही होईपर्यंत. … मग काय करणार? हात बरा झाला म्हटलं असतं, तर तू परत खिडकीशी जाऊन बसली असतीस, तोंडाला कुलूप लावून. … बाईंना लबाड म्हणतेस? … हसलीस! अहो, हसली ती!

बरं, सुट्टी किती उरलीय? … एवढीच? … आणि पुढचा तास कुठे? … त्याच वर्गावर. … फळा पुसला का कोणी? … तसाच आहे. हं. तिचं अर्धं आणि तुझं अर्धं.

… तू काय करायचं, ते मी कसं सांगू? … नाही, माहीत नाही असं नाही. सांगणार नाही. … नाही. … मुंगी, नाही म्हटलं ना. मामाचं दुकान काय आणि वर्ग काय, तुझं तू ठरव. … मी आहे की इथे. तू कर विचार.

अहो, खुणा करू नका. … फोन देणार नाही. तुम्ही सांगून मोकळे व्हाल. हल्ली धीर निघत नाही तुम्हाला.

… 

… आहे गं, आहे. कुठे जातेय? मटार सोलतेय. चालू दे तुझं.

… 

… नाही, कंटाळले नाहीये. मटार पुष्कळ आहेत.

… 

… हं? … काय सुचलं ते मला नको सांगूस. … बरोबर की चूक, ते मला काय विचारतेस? मी ओळखते का त्या मुलीला?

घंटा! … हो, इथपर्यंत ऐकू आली. … अगं, डोळे पूस आधी! … तोंडावर पाणी मार. … नळ कुठेय? … राहू दे मग, रुमालाने पूस. … आणि कडी काढ, नाहीतर दारावर आपटशील! … हो, संध्याकाळी कर. … ठेव आता. ठेव, ठेव.

… 

मुंगी? … अगं, ठेव ना. … हॅलो?

अहो… हिनं फोन बंदच केला नाही. तसाच खिशात टाकला वाटतं. … पावलं वाजतायत. … नाही हो, मुद्दाम नाही ऐकत मी, कानाला लागलेलाच आहे तो! … स्पीकर नको! आपलं तिकडे ऐकू जाईल. तिच्या खिशातून तुम्ही खोकलात तर काय म्हणतील मुलं? … हळू बोला. मी सांगते तुम्हाला.

जिना चढतेय की उतरतेय, कळत नाही. … मोठ्या बाईंची खोली खाली आहे म्हणाली होती का हो परवा? … आणि वर्ग? … वरती. … मग काय झालं, पावलांवरून का कळतं वर की खाली! … धापा टाकतेय जरा. … थांबली.

… 

… दार वाजलं.

… मुलं! अहो, मुलं ओरडतायत! वर्गात गेली. … हो, 'नमस्ते बाई' म्हणाली सगळी. 'बाई' म्हणाली. … श्श्.

… डस्टर मागतेय. … पुसतेय काहीतरी. … थांबा, बोलतेय… 'मघाशी तुझा खडू मी घेतला. माझं चुकलं.' … हो, सगळ्यांसमोर! … 'माझं मी पुसलं. तुझं आहे तसं ठेवलंय. ये, हा घे.'

… ते कसं कळणार, आली की नाही ते? … बाक सरकला. … चपलांचा आवाज. … आली.

… 

… आता काही नाही. … कोणीच बोलत नाहीये. … मशीनचा आवाज वाढवून काय उपयोग, मलाही काही ऐकू येत नाहीये! … कोणीतरी 'बाई, मी सांगू? मी सांगू?' करतोय. … मुंगी म्हणाली, 'कुणी सांगायचं नाही. आपण थांबू.'

… थांबलीय.

… अजून थांबलीय.

… तुमच्याएवढी? अजून नाही. पण थांबलीय हो. … माझ्याच्याने नाही राहवत… शून्य गं बाळा, शून्य काढ… तोंडाशी आलंय अगदी… बरं, बरं, नाही बोलत! हात काढा तोंडावरचा, गुदमरेन मी.

… 

… 

… खडू वाजला.

… फळ्यावर, मग कुठे? … शून्य काढला की आणखी काही, ते मी कसं सांगू? बारीक काहीतरी काढलंय, इतकंच वाजलं. … थांबा, मुंगी बोलतेय…

… 

… सांगते.

… अहो, सांगते ना. जरा थांबा.

… म्हणाली, 'मोठं काढ. मागच्या बाकापर्यंत पोचलं पाहिजे.'

… 

नाही हो. कुठे रडतेय? … मटारानेसुद्धा येतं डोळ्यांत पाणी. … येतं. मला येतं.

… नाही, पुढचं नाही ऐकायचं. … उत्तर आज येईल, नाहीतर उद्या येईल. वर्ग तिचा आहे. दाराशी उभं राहायचं वय गेलं आता आपलं. … चष्मा द्या माझा, ते लाल बटण दिसत नाहीये. … हं. हे.

ठेवते हं, बाई.