जवसाची तडतड

बोला, ज्यानं चोच दिली आणि चाराही दिला, त्या पांडुरंगाचा जयजयकार!

मंडळी, एक सवाल विचारतो. माया कशाला म्हणायचं? ताट भरून वाढण्याला? की वाढलेलं पोटात जाऊन काय करतंय, ते बघण्याला? — मागं कोण हसलं? अहो, मघाशी पंगतीत जिलबीला 'आग्रह मोडवत नाही' म्हणणारे तुम्हीच ना! ऐका तर आता.

माणदेशात शिदाप्पा सणगर म्हणून घोंगडी विणणारा होता. छपरात मागाचा खड्डा, त्यात पाय सोडून हा बसायचा — खटक्, खटक्! पलीकडं चुलीशी बायको, पारूबाई. सकाळी स्वयंपाक, दुपारी दारात बसून लोकरीचं सूत कातायचं. आणि जेवण काय, मंडळी! ज्वारीची गरम भाकरी, घोळीची भाजी, जवसाची चटणी आणि तिच्यावर घाण्याच्या तेलाची धार! आठवतंय का? — आठवतंय! त्या खांबाजवळच्या आजींचं तोंड बघा, जेवून आल्यात तरी पाणी सुटलं!

पारूबाई गेली. घर ओकंबोकं झालं. मुलगा मारुती सांगलीला नोकरीला होता, तो बापाला घेऊन गेला. सून सुरेखा — गुणाची पोर! सासऱ्याला मामा म्हणायची. 'मामांना एकटं वाटू नये' म्हणून सकाळी चहाबरोबर खारी, मग गरम भजी, संध्याकाळी वडे, मधल्या वेळेला फरसाण. तळून उरलेलं तेल टाकायचं कशाला? तेच पुन्हा कढईत!

शिदाप्पाला आवडायचं का? सुरुवातीला आवडलं. मग नकोसं झालं. पण मनात म्हणायचा, "पोर एवढ्या मायेनं करतीया, न्हाई कसं म्हणू?" तिची माया खरी, त्याचा संकोच खरा. दोघंही चांगली. आणि चांगल्या माणसांच्या घरातच असं होतं, बरं का!

हळूहळू बोटांचे सांधे सुजले. सकाळी मूठ मिटेना. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा, पण बोलला नाही कुणाला.

पुढं सुरेखाला दिवस गेले. शिदाप्पानं ट्रंक उघडली. आत काय? पारूबाईनं शेवटच्या हिवाळ्यात कातलेलं सूत! म्हणाला, "हिच्या हातचं हाय. नातवंडाला घोंगडं विणतो." हौसेनं सोबतचा धोटा, मागावर आडवं सूत फिरवतात तो, उचलला, तर तो बोटांतून निसटला. पुन्हा उचलला. पुन्हा खाली!

शिदाप्पा हाताकडं बघत राहिला. "मारुती... ह्यो हात माझा न्हाई रं आता."

दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, म्हणाल्या, "सांधेवात आहे." गोळ्या दिल्या. मग विचारलं, "आबा, जेवणात काय असतं?" सुरेखानं अभिमानानं सगळं सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सूज मुळात वैरीण नव्हे. काटा रुतला की अंगातले राखणदार धावतात. लाल होतं, गरम होतं, जखम भरते. पण काम झाल्यावर 'बास, आता घरी जा' म्हणणारंही कुणी लागतं. 'धावा' आणि 'बास', या दोन्ही हाका शरीर आपण खाल्लेल्या स्निग्धातून घडवतं. सूर्यफूल, सोयाबीनच्या तेलात 'धावा'ची हाक घडवणारं स्निग्ध, ओमेगा सहा, भरपूर. ते वाईट नाही, शरीराला हवंच. पण ओमेगा तीन, ज्यातून 'बास'ची हाक घडते, ते तुमच्या ताटातून गेलंय. वर पुन्हा पुन्हा तापलेलं तेल आणि वनस्पती तुपातली खारी, ती तर आगीत ठिणगी! मासे खाता?"

"न्हाई. माळ हाय गळ्यात."

"मग अक्रोड, जवस. शरीर त्यातलं थोडंच कामी लावतं, पण लावतं. आणि गोळी बंद करायची नाही हं! जेवण हा औषधाचा सोबती, औषध नव्हे."

सुरेखाच्या डोळ्यांत पाणी. "मामा, मीच खाऊ घातलं हो!"

"तू माया घातलीस, पोरी," शिदाप्पा म्हणाला. "म्या तोंड उघडलं न्हाई, ही चूक माझी."

घरी जवस आणला. सुरेखानं तवा ठेवला. "मामा, सासूबाई किती भाजायच्या?"

शिदाप्पाला कुठं ठाऊक! जन्मभर खाल्लं, पण भाजताना कधी बघितलंच नव्हतं. हा आपला मागावर, चुलीकडं पाठ! मग एकाएकी उठला, बाहेरच्या खोलीत गेला आणि भिंतीकडं तोंड करून बसला. मारुती म्हणतो, "आबा, रुसलात का?"

"गप. ऐकू दे."

आत जवस उडायला लागला — तड, तडतड, तडतडतड! शिदाप्पानं डोळे मिटले. मंडळी, तो सांगलीत नव्हता हो! छपरात होता. खड्ड्यात पाय होते. पाठीमागं बांगड्या वाजत होत्या... तडतड विरळ झाली. एक दाणा. मग एक.

"आता उतरव, पारू!"

सुरेखानं तवा उतरवला. नाव चुकलंय हे तिनं सांगितलं नाही. नुसतं म्हणाली, "उतरवला."

मग काय, चमत्कार झाला? नाही! कीर्तनकार खोटं बोलला तर टाळही बेसूर वाजतात. गोळ्या चालू राहिल्या. तळण सणासुदीपुरतं उरलं. भाकरी, पालेभाजी, चटणी ताटात परत आली. महिने गेले. बोटं तरुण झाली नाहीत, वाकडी ती थोडी वाकडीच राहिली. पण एका सकाळी मूठ मिटली!

थंडीत तो गावी गेला आणि मागावर बसला. घटकाभर विणायचा, घटकाभर हात शेकायचा. घोंगडं झालं लहानसं, एका काठाला सैल. ते घेऊन सांगलीला परतला, तोवर नात झाली होती. त्यात गुंडाळून मांडीवर घेतली, तर ती त्याचं ते जाडं बोट धरून झोपली. शिदाप्पानं मांडी मोडली नाही. पाय बधिर झाला तरी!

आता तुम्ही सांगा, माया कशाला म्हणायचं? देणाऱ्यानं विचारावं आणि घेणाऱ्यानं बोलावं, त्याला! घरी गेल्यावर एवढंच करा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. 'बरं आहे का?' असं विचारू नका, ते 'बरं आहे'च म्हणणार! विचारा, 'तुमच्या लहानपणी थंडीत ताटात काय असायचं?' आणि मग मध्ये बोलू नका. ज्यांच्या घरी विचारायला आता कुणी उरलं नाही... त्यांनी हात जोडा, त्यांच्यासाठी मी एकदा जास्त नाव घेतो.

उचला टाळ! विठ्ठल, विठ्ठल!