चुंबकाचा मारोती

शेलूबाजारच्या थांब्यावर कारंजाच्या बसची वाट पाहून रुख्मिणीबाई पार कंटाळली होती, पण मागच्या बाकावरचे दोघे बोलायला लागले आणि तिचा कंटाळा पळाला.

"इंद्रभानभाऊ, आबाची जुनी जीप तू नवी केली म्हनते?"

"केली ना. सडेल बॉडी भंगारात टाकली, अल्युमिनियमची बसवली. आता जलमभर गंजाचं नाव नाही."

"मंग आबा खुश असन?"

"कायचे खुश! त्यायचा चुंबकाचा मारोती डॅशबोर्डले चिकटतच नाही. म्हनते, ज्या गाडीत देव टिकत नाही, तिच्यात मी बसत नाही."

"डिंकानं चिकटव."

"देवाले डिंक लावू देते का थे? भंगारातून जुन्या बॉडीचा पत्रा वापस आनला, डॅशबोर्डवर बोल्टानं कसला, त्याच्यावर मारोती बसवला."

"मंग मिटलं की!"

"कुठचं मिटलं? गाडी धुतली का पत्र्याचा गंज ओघळते, आन् आबा त्याच्यात बोट बुडवून कपाळाले लावते."

रुख्मिणीबाईनं कानावरचा पदर मागं सारला.

"गंज लावते?" मागं दुसऱ्यानं विचारलं.

"हळू बोल. घरी आला तं गंज म्हनू नको. शेंदूर म्हन."