एवढासा नर

मी अभ्यासासाठी माकुलं, म्हणजे स्क्विड, मोजायला दिघीच्या बंदरावर जायचे ना, तेव्हाची गोष्ट. हिरामावशी विकायला बसायची आणि मला टोपलीतली माकुलं मोजू द्यायची. एक दिवस एक गिऱ्हाईक तिच्यावर खेकसलं, "एवढीशी पिल्लं विकता? लाज नाही वाटत?" आणि तरातरा निघून गेलं.

मावशीचा चेहराच उतरला. "बाय, खरंच पिल्लं हायत का गं? तसं असंल तर लेकाला सांगते, आणू नको."

मी एक माकूल चिरून आतली बीजानं भरलेली पांढरी पिशवी दाखवली. "मावशी, हा पुरता वयात आलेला नर आहे. पाणी गरम असलं की ही भराभर वाढतात आणि अंगानं लहान असतानाच वयात येतात."

"एवढासा? मग मोठ्या नरांपुढं याला मादी कशी मिळायची?"

"हा भांडतच नाही. मोठे झुंजत बसले, की हळूच तिच्याजवळ जातो."

मावशी पदर तोंडाला लावून हसायलाच लागली. "आमचे हे माझ्या खांद्याला लागायचे. ल्हानपणी घरात उपासमार, वाढणार कुठून? मला बघायला एक उंच पोरगा आलेला, हे नुसते त्याच्यासंगती. तो नि माझा भाऊ, कुणाची होडी मोठी म्हणून भांडत बसले. तेवढ्यात हे मागच्या दारी आले नि म्हणाले, 'पाणी देतेस?'"

"मग दिलंस?"

"दिलं ना. पार शेवटच्या दिवसापर्यंत मीच देत व्हते."